जाहिरात कोणाच्या हाती पडली?

१९ ऑक्टोबर २००८ हा रविवार होता. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेसाठी मुंबई आणि ठाणे जिल्ह्यातल्या केंद्रांवर उमेदवार जमले होते. त्यांतले बरेचसे बिहार आणि उत्तर प्रदेशातून लांबचा प्रवास करून आलेले होते. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे कार्यकर्ते काही केंद्रांवर घुसले, उमेदवारांना मारहाण झाली, प्रवेशपत्रे फाडली गेली. २१ तारखेच्या पहाटे राज ठाकरे यांना रत्नागिरीत अटक झाली. वांद्र्याच्या न्यायालयात त्यांना जामीन मिळाला, पण कल्याणच्या गुन्ह्यासाठी पोलिसांनी त्यांना तिकडे नेले आणि दुसऱ्या दिवशी कल्याणच्या न्यायालयाने त्यांची जामिनावर सुटका केली. त्या दोन दिवसांत कल्याण-डोंबिवलीची दुकाने बंद होती, रिक्षा बंद होत्या, बसगाड्यांवर दगड पडत होते. तिकडे बिहारमध्ये विद्यार्थ्यांनी रेल्वेगाड्या पेटवल्या आणि संसदेत गदारोळ झाला. आठवडाभर देशभरच्या वर्तमानपत्रांनी कायदा-सुव्यवस्था, प्रांतवाद आणि राष्ट्रीय एकात्मता यांवर अग्रलेख लिहिले. या सगळ्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मात्र कोणी नीट विचारला नाही: ती भरती न्याय्य होती का? मारणाऱ्यांनी ती अन्यायकारक आहे हे गृहीत धरले होते आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी ती न्याय्य आहे हे गृहीत धरले होते. माझ्या मते दोन्ही गृहीतके चुकीची होती, आणि ती कशी चुकली हे समजायला त्या रविवारच्या बरेच मागे जावे लागते.

रेल्वेची नोकरी आणि ठाणे-कल्याण यांचे नाते रेल्वेइतकेच जुने. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले, आणि पुढे थळ व बोर हे दोन्ही घाट चढणाऱ्या वाटा इथूनच फुटल्या. कल्याणची ओळख त्यामुळे जंक्शनची झाली: यार्ड, शेड, रेल्वे वसाहत. त्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि हा काही योगायोग नव्हे. इंजिन चालवणे, गार्डाचे काम, वरच्या पायरीची देखरेख या जागा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांकडे जाव्यात अशी कंपन्यांची रीतच होती, आणि रूळ ठोकणारे, कोळसा उपसणारे हात मात्र आसपासच्या गावांतले. १८९९ च्या मे महिन्यात जीआयपी रेल्वेच्या सिग्नलरांनी संप केला तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू लावून धरली, तीही पगार आणि बढती यांच्या प्रश्नावर. ४ जुलै १९३४ च्या ठरावाने तर सरकारने हिस्से उघडपणे आकड्यांत मांडले. मुसलमानांसाठी २५ टक्के, इतर अल्पसंख्याकांसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास, आणि रेल्वेच्या दुय्यम नोकऱ्यांत अँग्लो-इंडियन व इथे स्थायिक झालेल्या युरोपीयांसाठी ८ टक्के. अनुसूचित जातींसाठी केंद्रीय नोकऱ्यांत ठरावीक प्रमाणात जागा राखण्याचा आदेश १९४३ मध्ये निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३३६ व्या कलमाने अँग्लो-इंडियनांच्या रेल्वे, जकात आणि टपाल-तार खात्यांतल्या जागा एकदम काढून घेतल्या नाहीत. दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी करत दहा वर्षांत संपवायच्या असे ठरले. हा तपशील एवढ्यासाठी सांगायचा की ‘रेल्वेत आधी फक्त गुणवत्ता होती, वाटणीचे राजकारण नंतर आले’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. वाटणी पहिल्या दिवसापासून होती. बदलत गेला तो वाटणी कोणाच्या बाजूने आहे हा भाग, आणि ती उघड लिहिलेली आहे की मुकाट चालते हा.

प्रांताचा प्रश्नही घटना लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस घटना समितीत सरकारी नोकरीतल्या समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांबरोबर ‘निवास’ हाही शब्द भेदभावाच्या यादीत घालावा, म्हणजे कोणत्याही प्रांताचा माणूस कुठेही नोकरी मागू शकेल, अशी दुरुस्ती जसपत राय कपूर यांनी आणली. त्याला जोडून अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी सुचवले की काही जागांसाठी निवासाची अट घालण्याचा अधिकार असावा, पण तो राज्यांना न देता फक्त संसदेला द्यावा. आंबेडकरांनी या तोडग्याला पाठिंबा देताना मांडलेला विचार आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंना अडचणीचा वाटेल. एका प्रांतातून दुसऱ्यात उडत फिरणाऱ्या, कुठेच मूळ न धरलेल्या पाखरांसारख्या माणसांनी यावे, जागा पटकवाव्यात आणि निघून जावे, हे चालणार नाही असे ते म्हणाले. पण त्याच दमात हा नियम सगळीकडे सारखा असावा, प्रत्येक राज्याने आपापले कुंपण घालू नये, असाही त्यांचा आग्रह होता. घटनेच्या १६ व्या कलमाचे दुसरे आणि तिसरे उपकलम यातून घडले. १९५७ मध्ये संसदेने त्याखाली कायदा केला, आणि त्याचा मुख्य परिणाम काही मोजके प्रदेश सोडता देशभरातल्या निवासाच्या जुन्या अटी रद्द होणे हाच होता. म्हणजे कुलूप बसवले, किल्ली दिल्लीत ठेवली, आणि मग ती फारशी वापरलीच नाही.

महाराष्ट्रात हा विषय पुन्हा पेटला तो साठच्या दशकात. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४३ टक्के निघाले. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापायला सुरुवात केली. त्या नावांतली बहुतेक दाक्षिणात्य असत. याद्यांवर मथळ्यापलीकडे भाष्य नसे, आणि ते लागतही नसे. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पहिली सत्ता मिळवली ती मुंबईत नव्हे, ठाण्यात. वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. ठाण्यातच का, याचे उत्तर पुष्कळदा भावनेत शोधतात. मला ते जास्त करून औद्योगिक वसाहतींत दिसते. वागळे इस्टेट उभी राहत होती, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, डोंबिवलीला रासायनिक आणि इंजिनिअरिंग कारखान्यांसाठी जमीन घेतली जात होती, शहाड आणि मोहोन्याला रेयॉनच्या गिरण्या धडाक्यात चालू होत्या. नव्या नोकऱ्या डोळ्यांसमोर तयार होत होत्या आणि त्या कशा मिळतात हेही डोळ्यांसमोर दिसत होते. इंग्रजी टंकलेखन आणि लघुलेखन येणारा मद्रासकडचा मुलगा कचेरीत लागे. एकदा तो लागला की पुढची जागा रिकामी झाल्यावर तिची बातमी त्याच्याच ओळखीत आधी पोचे. कोणी कट केला नव्हता. पण कट नसूनही दार एका बाजूलाच उघडत होते, आणि हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे. ऐंशी टक्के जागा स्थानिकांना द्या, अशी मागणी यातून आली आणि १९६८ पासून राज्य सरकारने तशा सूचना उद्योगांना द्यायला सुरुवात केली. सूचना होत्या, दंड नव्हता. कचेऱ्यांतला मराठी टक्का पुढे वाढला, पण त्याचे श्रेय मराठी मुलांच्या वाढत्या शिक्षणाला किती आणि दबावाला किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

खासगी कारखान्यांची ही गोष्ट नव्वदच्या दशकात संपत आली. कारखाने बंद पडू लागले, काही गुजरातकडे सरकले, ठाण्यातल्या कारखान्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले. मोहोन्याच्या एनआरसी या रेयॉनच्या गिरणीलाही २००९ मध्ये टाळे लागले. कायमची, पेन्शन असलेली, घर देणारी नोकरी आता उरली ती सरकारात आणि रेल्वेत. नेमक्या याच काळात सरकारी भरतीची पद्धतच बदलली. पूर्वी खालच्या पदांसाठी रोजगार विनिमय केंद्रातून नावे मागवत, आणि जिल्ह्याच्या केंद्रात नाव नोंदवलेला मुलगा बहुधा जिल्ह्यातलाच असे. म्हणजे निवासाची अट न घालताही चाळणी आपोआप स्थानिक होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका अबकारी खात्याच्या प्रकरणात सांगितले की फक्त विनिमय केंद्राच्या यादीवर थांबू नका, वर्तमानपत्रांतही जाहिरात द्या, म्हणजे नाव न नोंदवलेल्यालाही संधी मिळेल. निकाल न्यायाचाच होता. रोजगार केंद्रांतली चिरीमिरी आणि वर्षानुवर्षे न हलणाऱ्या याद्या ज्यांना ठाऊक आहेत ते त्याला नावे ठेवणार नाहीत. पण एक आडवाट बंद करताना दुसरी उघडली. आता जाहिरात कुठे छापून येते यावर सगळे अवलंबून राहू लागले. केंद्र सरकारचे नोकरीविषयक साप्ताहिक १९७६ पासून इंग्रजीत निघते, ‘रोजगार समाचार’ या नावाने हिंदीत निघते, उर्दूतही निघते. मराठीत निघत नाही. पाटण्याच्या स्टॉलवर ते ज्या सहजतेने मिळे आणि शिकवणी वर्गांत ज्या बारकाईने वाचले जाई, तसे वाचणारे शहापूर किंवा मुरबाडमध्ये कितीसे असणार?

यात भर पडली ती तारखांची. देशात रेल्वे भरती मंडळे अनेक, प्रत्येकाची परीक्षा वेगळ्या दिवशी. त्यामुळे एकच उमेदवार मुंबईलाही अर्ज करी, गुवाहाटीलाही आणि चेन्नईलाही, आणि जिथे जमेल तिथे जाऊन पेपर देई. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत. या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. हिंदी पट्ट्यातल्या मुलाला मातृभाषेत पेपर, अनेक मंडळांत नशीब अजमावण्याची मुभा आणि जाहिरात दाराशी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला परभाषेत पेपर, आणि बहुधा एकाच मंडळाचा अर्ज, तोही वेळेत कळला तर. प्रश्नपत्रिका दोघांनाही एकच होती. कागदावर भेदभाव औषधालाही सापडला नसता. २००३ मध्ये मुंबई विभागातल्या सुमारे २,२०० जागांसाठी साडेसहा लाख अर्ज आल्याचे आकडे छापून आले. मराठी उमेदवार निवडले जातात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असा शिवसेनेचा दावा होता. त्या नोव्हेंबरात शिवसेनेचीच विद्यार्थी संघटना असलेल्या भारतीय विद्यार्थी सेनेच्या कार्यकर्त्यांनी कल्याणला परीक्षेसाठी आलेल्या बिहारी मुलांना मारले. तेव्हा राज ठाकरे शिवसेनेतच होते आणि उद्धव ठाकरे ‘मी मुंबईकर’ ही सर्वांना सामावून घेणारी मोहीम चालवत होते. ती मोहीम कल्याणच्या त्या प्रसंगानंतर सावरली नाही. त्याच महिन्यात गुवाहाटीतही रेल्वेच्याच परीक्षेवरून बिहारी उमेदवारांवर हल्ले झाले, त्याला उत्तर म्हणून बिहारमध्ये ईशान्येकडच्या प्रवाशांना मारले गेले, आणि मग आसामात डझनावारी हिंदी भाषक मजुरांचे जीव गेले. दोन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन शहरांत एकाच महिन्यात एकाच परीक्षेवरून डोकी फुटतात तेव्हा ‘मराठी माणसाचा संकुचितपणा’ किंवा ‘आसामी माणसाचा द्वेष’ ही स्पष्टीकरणे अपुरी पडतात. भरतीच्या यंत्रातच काहीतरी बिघाड होता. पाच वर्षे तो कोणी दुरुस्त केला नाही. २००८ मध्ये तेच यंत्र पुन्हा तसेच चालले.

माझा मुद्दा आता सरळ मांडतो. नोकरीतला न्याय परीक्षेच्या दालनात जेवढा ठरतो त्याहून जास्त तो दालनाच्या बाहेर, परीक्षेच्या कित्येक महिने आधी ठरतो: जाहिरात कोणत्या भाषेत, कोणत्या कागदावर आली, अट कोणती घातली, पेपर कुठे आणि कधी घेतला. हा विचार काही माझ्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात हेच धरले. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या वीज कंपनीत काळ्या कामगारांना वर्षानुवर्षे हमालीच्याच खात्यात ठेवले जाई. १९६५ मध्ये वंशभेदाला बंदी घालणारा कायदा लागू झाला त्याच सुमारास कंपनीने शाळेचे प्रमाणपत्र आणि लेखी चाचण्या यांची अट आणली. अट गोऱ्या-काळ्यांना सारखी होती. पण कामाशी तिचा संबंध दाखवता येईना आणि गळत मात्र होते काळेच. न्यायालय म्हणाले, हेतू निर्मळ असला तरी परिणाम पाहावा लागेल, आणि कामाशी नाते नसलेली अट टिकणार नाही. रुळांची देखभाल करणाऱ्या माणसाला खिळे, पट्ट्या आणि लाल बावटा कळायला हवा. त्याचा अंकगणिताचा पेपर हिंदीतच असायला हवा याला कामाच्या दृष्टीने कोणते कारण होते?

कल्याणातच याचे दुसरे, अधिक शांत उदाहरण आहे. साताऱ्याकडच्या सुरेखा यादव कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन रेल्वे भरतीच्या परीक्षेला बसल्या. सहायक चालकपदाच्या त्या निवडीत त्या एकट्याच बाई होत्या. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत त्या शिकल्या, १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या आणि त्यांची पहिली गाडी होती वाडीबंदर ते कल्याण धावणारी मालगाडी. पुढे २००० मध्ये महिला विशेष लोकल, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला आलेली वंदे भारत, अशी ती वाट गेली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. या गोष्टीकडे कर्तबगारीची कथा म्हणून पाहायची सवय आहे आणि ती कर्तबगारी आहेच. पण इथे दुसरे काही दिसते. बायकांनी अर्ज करू नये असे त्या जाहिरातीत कुठेही लिहिलेले नव्हते. दार उघडेच होते. तरी १८५३ पासून सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एकही बाई त्यातून आत आली नाही, कारण ती जाहिरात आपल्यासाठी आहे असे वाचणारी बाईच नव्हती. इंजिनात स्वच्छतागृह नाही, रात्रपाळीला परतायला सोय नाही, घरी ‘ड्रायव्हर’ हा शब्द बाईसाठी कोणी उच्चारलेला नाही. नियम सगळ्यांना सारखा असला तरी रांग एकसारखीच माणसे धरतात, ती अशी.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा. परीक्षा खुली, तपासणी निनावी, मग पाटण्याचा मुलगा जास्त अभ्यास करून वर आला यात त्याचा काय गुन्हा? त्याचा काहीच गुन्हा नाही, आणि म्हणूनच २००८ च्या मारहाणीचे समर्थन कोणत्याही बाजूने होऊ शकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नियम रेल्वे मंडळाने केले होते, रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव होते, त्यांच्या आधी नितीश कुमार होते. यांतल्या कोणाच्याही केसाला धक्का लागला नाही आणि मार खाल्ला तो अनारक्षित डब्यात उभ्याने आलेल्या मुलाने. पण उमेदवार निर्दोष असणे आणि पद्धत निर्दोष असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासाची स्पर्धा खरी मानायची तर निदान पेपर ज्याच्या त्याच्या भाषेत हवा. एकाने बसून उत्तरे लिहायची आणि दुसऱ्याने आधी मनातल्या मनात भाषांतर करून मग लिहायची, यातून जो क्रम लागतो त्याला गुणवत्तायादी म्हणणे जरा उदारपणाचे आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: एवढे सगळे मान्य असेल तर स्थानिकांना सरळ ऐंशी टक्के जागा का देऊ नयेत? घटना आड येते हे एक उत्तर. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राखण्याचा कायदा केला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पण घटना बाजूला ठेवली तरी ठाणे-कल्याणच्या संदर्भात ‘स्थानिक’ हा शब्द फार निसरडा आहे. महाराष्ट्र सरकारच्या व्याख्येत पंधरा वर्षे राज्यात राहिलेला माणूस स्थानिक. त्या हिशेबाने डोंबिवलीत पंधरा वर्षे चाळीत राहिलेला आझमगढचा गवंडी स्थानिक ठरतो आणि भाषिक व्याख्या लावली तर गेल्या वर्षी लातूरहून आलेला मुलगा. आणि खरोखरचे स्थानिक म्हणजे ज्यांच्या भातशेतीवर ही शहरे आणि एमआयडीसी वसली ते आगरी-कोळी. त्यांना विचारले तर कोकणातून, घाटावरून साठ-सत्तर वर्षांपूर्वी आलेले पांढरपेशे डोंबिवलीकरही पाहुणेच निघतील. भूमिपुत्र म्हणताना भूमी कोणाची होती, हा प्रश्न त्या गावांत अजून मिटलेला नाही. शिवाय बिहारचाही एक हिशेब आहे, जो आपल्याकडे कोणी मांडत नाही. पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राच्या भाडे-समानीकरण धोरणामुळे पोलाद देशात कुठेही साधारण एकाच दराने पोचत होते. खाणी बिहारच्या, पण खाणीजवळ कारखाना काढण्याचा फायदाच त्या धोरणाने काढून घेतला. बंदर, बाजार आणि भांडवल जवळ असलेल्या मुंबई-ठाणे पट्ट्याला ते मानवले. वागळे इस्टेटच्या लोखंडात त्या सवलतीचा अंश होता. त्या कारखान्यांत तीन दशके मराठी घरे उभी राहिली, आणि कारखाने न मिळालेल्या राज्यातली मुले मग रेल्वेच्या अर्जामागे लागली. जन्मस्थानावर हक्क मोजायचे ठरवले तर हे खातेही उघडावे लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मारहाण झाली म्हणूनच दिल्ली हलली, अर्ज-विनंत्यांनी कोणी हलले नसते. यात तथ्य आहे हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री झाल्यावर भरतीच्या धोरणाचा फेरविचार झाला. प्रश्नपत्रिका प्रादेशिक भाषांत देण्याचा आणि सगळ्या मंडळांची एका पदाची परीक्षा एकाच दिवशी घेण्याचा निर्णय झाला. आज रेल्वेची संगणकीय परीक्षा मराठी आणि कोंकणीसह पंधरा भाषांत होते. पण या दुरुस्तीत नेमके काय आहे ते बघा. तिने कोणालाही वगळले नाही, जन्माचा दाखला मागितला नाही, मराठी मुलासाठी एक जागाही राखली नाही. जो फायदा मराठीला मिळाला तोच तमिळ, ओडिया, असमियालाही मिळाला. म्हणजे मारणाऱ्यांनी मागितले एक आणि मिळाले दुसरेच. जे मिळाले ते मागायला कोणाचे डोके फोडायची गरज नव्हती, फक्त पाच वर्षे आधी कोणीतरी भरतीची नियमावली नीट वाचायला हवी होती. राज्यातले खासदार, रेल्वेच्या मान्यताप्राप्त कामगार संघटना, मराठी वर्तमानपत्रे यांना ते जमले असते. त्यांनी ते केले नाही, आणि ती पोकळी ज्यांनी भरली त्यांना तिचे भाडेही मिळाले. २००९ च्या विधानसभेत मनसेचे तेरा आमदार निवडून आले, त्यांत कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण हे दोन मतदारसंघ होते. दहा वर्षांनी पक्षाचा राज्यात एकच आमदार उरला, तोही कल्याण ग्रामीणचा. राज्य सरकारनेही आपली हजेरी लावली. नोव्हेंबर २००८ मध्ये, दंगलीला महिनाही झाला नसताना, उद्योगांत देखरेखीच्या जागांपैकी ५० टक्के आणि एकूण जागांपैकी ८० टक्के स्थानिकांना द्याव्यात असा शासन निर्णय पुन्हा काढला. चाळीस वर्षांपूर्वीचीच सूचना, नव्या तारखेने.

भाषेची अडचण सुटली म्हणजे अडचण संपली असे मात्र झाले नाही, कारण रांगच इतकी वाढली. २०१८ मध्ये रेल्वेने सुमारे ९०,००० जागांची भरती काढली आणि दोन कोटींहून जास्त अर्ज आले. सर्वांत खालच्या पदांसाठी आधी आयटीआयचे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते. बिहारमध्ये त्यावर ओरड झाल्यावर दहावी पास पुरेल असे ठरले, वयाची मर्यादाही वाढली. ज्यांनी आयटीआय करून रेल्वेच्याच कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी पुरी केली होती त्यांच्या दृष्टीने एका परिपत्रकाने त्यांच्या प्रशिक्षणाची किंमत उतरली. पुन्हा तीच गोष्ट: प्रश्नपत्रिका छापण्याआधीच, अटीच्या एका ओळीत, कोण पुढे आणि कोण मागे हे ठरत होते. २० मार्च २०१८ च्या सकाळी हे शिकाऊ उमेदवार माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर उतरले. त्यांत महाराष्ट्रातले होते तसेच इतर राज्यांतलेही होते. रेल्वेत शिकलेल्यांसाठी राखलेला २० टक्क्यांचा हिस्सा काढून टाका आणि आम्हाला थेट कामावर घ्या, ही मागणी होती. या वेळी कोणी कोणाला बाहेरचा म्हटले नाही. ऐन कामाच्या वेळी साडेतीन तास मध्य रेल्वे बंद राहिली आणि कल्याण, डोंबिवली, ठाण्याची गर्दी फलाटांवर तुंबली. दुपारपर्यंत रेल्वेचा खुलासा आला. २० टक्के जागा राखीव आहेतच, अर्जाची मुदत वाढवून देतो, परीक्षा मात्र सगळ्यांबरोबर द्यावी लागेल.